अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं कोच व्हायचंय? या चुका टाळा

पुण्या-नागपूरकडची मुलं मला विचारतात, "सर, डिव्हिजन वनमध्ये असिस्टंट कोच व्हायला कुठला कोर्स करावा लागतो?" डिव्हिजन वन म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा गट, आणि त्यासाठी असा कोर्सच नाही. आपल्याकडे पतियाळाचा एनआयएस हा कोचिंगचा डिप्लोमा पुष्कळ दारं उघडतो, इथं मात्र कामाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आधी विद्यार्थी मॅनेजर, मग एम.ए., एम.एस. करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे जीए, पुढे व्हिडिओ कोऑर्डिनेटर किंवा ऑपरेशन्सचं काम, आणि त्यानंतर कुठं असिस्टंट कोच.

मॅनेजरचं काम हलकं मानू नका. फ्रँक व्होगेल ज्युनियाटा या छोट्या कॉलेजात खेळत होते. खेळणं सोडून ते केंटकी विद्यापीठात कोच रिक पिटिनोंच्या संघाचे विद्यार्थी मॅनेजर झाले. २०२० मध्ये लेकर्सनी एनबीए ही व्यावसायिक लीग जिंकली तेव्हा मुख्य कोच तेच होते.

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक: क्लिप्सवरून स्काउट करणं, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास नुसत्या तुकड्यांवरून करणं. पुढचे प्रतिस्पर्धी असिस्टंट लोकांत वाटलेले असतात. तुमच्या वाट्याच्या संघाची चाल, साइडलाइनवरून चेंडू आत टाकतानाचे प्ले, एकेका खेळाडूची खोड, सगळं तुम्ही शोधायचं आणि आपल्या मुलांना पंधरा-वीस मिनिटांत समजावायचं. सिनर्जीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका खेळाडूचे सगळे पिक-अँड-रोल (साथीदारानं बचावपटूची वाट अडवायची, अशी चाल) एका क्लिकवर मिळतात, आणि घाईतला माणूस तिथंच फसतो.

मीही फसलो. जीए म्हणून माझं दुसरं वर्ष होतं, मिडवेस्टमधलं डिव्हिजन टूचं लहान कॉलेज. शनिवारच्या सामन्याचा स्काउट पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता. मी शेवटच्या तीन सामन्यांच्या क्लिप्स काढल्या. त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू, जवळजवळ दर वेळी डावीकडे जात होता. मी फळ्यावर लिहिलं: "डावीकडे जातो. उजवीकडे ढकला." पूर्ण सामने पाहिले असते, तर टाइमआउटमध्ये ट्रेनर त्याच्या उजव्या अंगठ्याची पट्टी बदलताना दिसला असता. क्लिपमध्ये टाइमआउट नसतो. शनिवारी ती पट्टी नव्हती. आमच्या मुलांनी त्याला उजवीकडे ढकललं आणि त्यानं एकतीस गुण काढले. मुख्य कोच काही बोलले नाहीत. त्याला अडवणारा आमचा शेवटच्या वर्षाचा मुलगा बसमध्ये माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "कोच, तुम्ही सांगितलं तेच केलं मी." त्याचा तो सीझन परत येणार नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक संघाचे चार सामने पूर्ण पाहतो. त्यांतला एक सीझनच्या सुरुवातीचा, एक त्यांनी हरलेला. आवाज चालू ठेवतो, कारण बाकावरून त्यांचा कोच प्लेचं नाव ओरडतो ते पुष्कळदा ऐकू येतं. नोंदी वहीत, हातानं. सात-आठ तास जातात. तीन तासांत रिपोर्ट आणून देणाऱ्या जीएला मी तो न वाचता परत देतो. त्यांना मी जुनाट वाटत असेन, वाटू दे.

दुसरी चूक, नाव मोठं दिसलं की दर वर्षी उडी मारणं. टॉम इझो १९८३ मध्ये मिशिगन स्टेटला अर्धवेळ असिस्टंट म्हणून आले आणि १९९५ मध्ये तिथलेच मुख्य कोच झाले. बिल गथ्रिज नॉर्थ कॅरोलिनात मुख्य कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली तीस वर्षं होते. सगळ्यांनी तीस वर्षं थांबावं असं मी म्हणत नाही. पण मुख्य कोचला काढलं की त्याचे असिस्टंटही बहुधा जातात, म्हणून कॉलेजच्या नावाआधी त्या माणसाची खुर्ची किती पक्की आहे आणि त्याचे जुने असिस्टंट आज कुठं आहेत, ते बघा. एवढी चौकशी दोन फोनमध्ये होते, तरी कुणी करत नाही.

पदाच्या नावावरही जाऊ नका. २०२३ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेनं, डिव्हिजन वनच्या संघांना दोन जादा कोच दिले. त्यांना सरावात शिकवता येत होतं, पण कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला, म्हणजे नवे खेळाडू मिळवायला, जाता येत नव्हतं. म्हणून मुलाखतीतच विचारा: मी रिक्रूटिंगला जाणार का?

पगार विचारायला लाजू नका. नव्वदच्या दशकात एनसीएएनं एका असिस्टंटच्या कमाईवर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. खेळावर प्रेम त्यांचंही होतंच.

व्हिसाचा प्रश्न शेवटच्या सत्रावर ढकलू नका.

आणि फायनल फोर, म्हणजे कॉलेज स्पर्धेचे शेवटच्या चार संघांचे सामने, जिथं होतात त्या गावी कोचांचं अधिवेशन भरतं, तिथं हॉटेलच्या लॉबीत दिसेल त्याच्या हातात रेझ्युमे कोंबू नका. मीही दोन वर्षं तिथं उभा राहिलो, एकही फोन आला नाही. नोकरी दिली ती आमच्याच लीगमधल्या एका प्रतिस्पर्धी कोचनं. त्यांचा फोन आला: "तुमची मुलं माझ्या प्लेची नावं माझ्या मुलांच्या आधी ओरडत होती. तो स्काउट कुणी केला होता?"