पोलिसांची जुनी गाडी घ्यायची, तर बॉनेटच्या आधी वायरी बघा

अमेरिकेत पोलीस खात्याने वापरून काढून टाकलेली गाडी कुणालाही विकत घेता येते. शहरं, काउंट्या, राज्यं आपापल्या गाड्या लिलावात काढतात आणि त्यातल्या बऱ्याचशा गव्हडील्स किंवा पब्लिक सरप्लससारख्या संकेतस्थळांवर घरबसल्या बघायला मिळतात. मी अशा गाड्या घेते, मार्गी लावते, चालवते आणि मन भरलं की विकते. मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये गाडी दिसली की कुणीतरी चौकशीला येतंच. त्याच्या शेजारी उभे असलेले एखादे सर्वज्ञ काका लगेच सांगतात, "पोलिसांची गाडी म्हणजे इंजिन स्पेशल, मेंटेनन्स चोख. डोळे मिटून घ्यायची!"

काकांचं ऐकू नका. इंजिन बहुतेक वेळा साध्या गाडीतलंच असतं. जास्तीचं काय असतं, तर मोठा अल्टरनेटर, ऑइल आणि गिअरबॉक्स थंड ठेवणारे कूलर, कडक सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि तपासून प्रमाणित केलेला स्पीडोमीटर. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असतं, हे खरं. पण गाडी लिलावात जाणार हे ठरलं की शेवटच्या वर्षात तिच्यावर कुणी छदामही खर्च करत नाही.

कोणती घ्यायची

फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया सगळ्यांना हवी असते. चासिसवर बसवलेली बॉडी, मागच्या चाकांना ताकद, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि घरच्या घरी करता येण्याजोगी दुरुस्ती. चॅसिस नंबरमध्ये पी७१, किंवा शेवटच्या काळात पी७बी, असेल तर ती पोलिसांची. पण ही गाडी कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली सप्टेंबर २०११ मध्ये. आज जी मिळते ती म्हातारी असते, आणि बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली असेल तर खालून गंजलेलीही असते. टेक्सास, ॲरिझोनाकडची मिळाली तरच घ्या.

लिलावात आता जास्त दिसतात त्या एक्स्प्लोररच्या पोलीस आवृत्त्या. २०१९ पर्यंतच्या ३.७ लिटर व्ही-६ मध्ये पाण्याचा पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर फिरतो. तो गळला की कूलंट थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर कितीही स्वस्त असो, मागे फिरा. डॉज चार्जरच्या ५.७ लिटर इंजिनातून गरम झाल्यावरही टिकटिक येत असेल तर लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) गेलेत असं धरून चाला.

पुण्या-नागपुरातून कुणी हे वाचत असेल आणि पोलिसांची जुनी जिप्सी डोळ्यांसमोर आली असेल, तर तिकडे दार जवळजवळ बंद झालंय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवत नाहीत, त्या अधिकृत भंगार केंद्रात जातात. चिलखती वगैरे खास गाड्यांना सूट आहे, पण त्या काही आपल्या दारात येणार नाहीत.

मैल नको, तास बघा

पोलिसांची गाडी चालते त्याहून जास्त वेळ जागेवर घुरघुरत उभी असते. रेडिओ, कॉम्प्युटर, दिवे, हीटर सगळं चालू, म्हणून इंजिनही चालू. ओडोमीटरला यातलं काही कळत नाही. एक्स्प्लोररमध्ये आणि शेवटच्या वर्षांच्या क्राउन व्हिकमध्ये इंजिनाचे तास मीटरवरच दिसतात. फोर्डचा हिशोब असा, की एक तास आयडलिंग, म्हणजे जागेवर उभं राहून इंजिन चालू ठेवणं, ही ३३ मैलांची झीज.

समजा एका गाडीवर ९०,००० मैल आहेत, एकूण ६,००० तास, त्यातले ३,००० आयडलिंगचे. म्हणजे वरचे ९९,००० मैल धरून इंजिन १,८९,००० मैलांचं. दुसरीवर १,३०,००० मैल, ४,००० तास, त्यातले १,००० आयडलिंगचे. हे इंजिन १,६३,००० मैलांचं. शिवाय चालत्या तासांनी मैलांना भागा. पहिलीचा सरासरी वेग ३० निघतो, म्हणजे गल्लीबोळातली, सिग्नलला थांबणारी, फुटपाथला चाकं घासणारी. दुसरीचा ४३, म्हणजे हायवेवरची. मी दुसरी घेईन. बोली लावणारे मात्र ९०,००० च्या आकड्यावर तुटून पडतात, पडू द्या.

बघायला जाताना जंप स्टार्टर, टॉर्च आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर न्या. 'एकही कोड नाही' यावर खूश होऊ नका, सगळे रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत. चालवून बघायला सहसा मिळत नाही, आणि विक्री 'जशी आहे तशी' असते, तक्रारीला जागा नाही. बोली ठरवताना लिलाववाल्यांचं कमिशन, विक्रीकर आणि टो ट्रक आधीच वजा करा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका.

वायरिंग: इथे घाई करणाऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडते

आता मुद्द्याचं. खात्यातून गाडी निघताना छपरावरचा लाइटबार, सायरन, रेडिओ, मागच्या सीटपुढचा पिंजरा काढून घेतात. काढणारा माणूस दिवसभर हेच करत असतो, त्याला उपकरण हवं असतं, तुमच्या गाडीचं काय होईल याची चिंता नसते. तो पक्कड घेतो आणि वायरी कापतो. सामान जातं, वायरी तिथेच राहतात. बाजूच्या दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचला, मनगटाएवढी जाड जुडी दिसेल. काही वायरींवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने 'टेकडाउन' (समोरचा झगझगीत दिवा), 'अ‍ॅली लेफ्ट' (डाव्या बाजूचा) असं लिहिलेलं असतं. ती टोकं कापलेली, उघडी, आणि त्यातल्या काहींमध्ये अजून १२ व्होल्ट खेळत असतात. खड्ड्यात चाक आपटलं की टोक पत्र्याला टेकतं, फ्यूज उडतो. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. गराजवाल्याला दाखवायला नेली की काहीच होत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे रात्रीतून बॅटरी उतरणं. याने मला पूर्वी रडकुंडीला आणलं होतं, आणि यावर सगळ्यात जास्त वाईट सल्ले मिळतात. 'मोठी बॅटरी टाक.' मोठी बॅटरी उशिरा उतरते, एवढंच. 'बॅटरीला कट-ऑफ स्विच लाव.' म्हणजे करंट कुठून गळतोय ते शोधायचंच नाही, रोज बॉनेट उघडायचं, आणि गाडी चालू असताना ती उघडी वायर गालिच्याखाली तापायला मोकळी. स्विच लावून विकलेली गाडी मी तरी घेत नाही.

गळती अशी शोधा. बॉनेट उघडं ठेवा, पण त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, दारांचंही तसंच, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. चावी लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून जोडा. त्याच्या जोडीला एक साधी जंपर वायर समांतर लावा, कारण सुरुवातीला गाडीतले कॉम्प्युटर जागे होऊन करंट ओढतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. पाऊण तास थांबा. खरंच थांबा, चहा करून या. सगळे कॉम्प्युटर झोपले की जंपर काढा आणि आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निरोगी. अर्धा अँपिअर असेल तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी, आणि गाडी सुरू होणं त्याच्या कितीतरी आधी बंद. मीटर लावलेला असताना दार उघडू नका, चावी फिरवू नका.

यानंतर पुस्तकात लिहिलेलं असतं, एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कधी पडतो ते बघा. साध्या गाडीला ठीक आहे. पोलिसांच्या गाडीत तो शेवटचा उपाय, कारण बसवणाऱ्याने करंट कंपनीच्या फ्यूजबॉक्समधून घेतलेलाच नसतो. तो थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून घेतलेला असतो. तिथे बोल्टखाली कंपनीची नसलेली जाड लाल वायर शोधा. पुढे तिच्यावर ब्रेकर असतो, मग ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत शिरते, गालिच्याखालून डिकीत जाते आणि तिथे दुसराच फ्यूजबॉक्स आणि टायमर असतो. टायमर म्हणजे गाडी बंद झाल्यावरही रेडिओ काही वेळ चालू ठेवणारा डबा. रेडिओ गेला तरी डबा आपला कामावर हजर. बहुतेक वेळा गळती इथेच सापडते.

सापडली की वायर मध्येच कापून काळी टेप गुंडाळायची नाही. टेप उन्हाळ्यात सुटते, चिकट लगदा होतो आणि टोक पुन्हा उघडं. वायर उगमापर्यंत मागे न्या आणि अख्खी बाहेर काढा. जिथे कंपनीच्या वायरीला चावा घेणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा लावून फाटा काढलाय, तिथे क्लिप काढा, तो तुकडा कापा, क्रिम्प किंवा सोल्डर करून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. पिवळ्या वेष्टनाच्या, पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. सीटखाली किंवा डॅशबोर्डमध्ये हात घालण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं जाऊ द्या.

हे सगळं उपसताना तीन गोष्टी मुद्दाम तपासा. हॉर्न, कारण सायरन हॉर्नच्या बटणावर जोडलेला असतो. मोठा दिवा, कारण आलटून पालटून लुकलुकणारा फ्लॅशर हेडलाइटच्या वायरीत घुसवलेला असतो. आणि ब्रेकचे दिवे. अंधारात दबा धरून बसताना ब्रेकचा दिवा दिसू नये म्हणून काही गाड्यांत तो तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो. रिले काढून नेला की ब्रेकचे दिवे लागतच नाहीत, आणि हे तुम्हाला कळतं मागचा येऊन धडकल्यावर. गाडी घरी चालवत आणण्याआधी कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा.

हे काम जमणार नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या, पण तासावर पैसे घेणारा बघा. ठरावीक रकमेत करणारा टेप गुंडाळतो.

भोकं, स्टिकर, मागची दारं

छपरावर लाइटबारचं भोक, डिकीवर अँटेनाचं, फायरवॉलला चार-दोन. पाणी तर येतंच, पण मागून धूरही येतो. २०१७ मध्ये ऑस्टिनच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० एक्स्प्लोरर कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने रस्त्यावरून काढल्या होत्या. फोर्डने बोट दाखवलं ते उपकरणं बसवताना पाडलेल्या आणि नीट न बुजवलेल्या भोकांकडे. रबरी बूच आणि वर सीलंट, प्रत्येक भोकाला. केबिनमध्ये स्वस्तातला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर ठेवा.

स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने निघतात. खालच्या रंगात अक्षरांची सावली उरली तर पॉलिश करा, तरी राहिली तर पॅनेल रंगवा. 'पोलीस' असं वाचता येणारी सावली घेऊन फिरू नका.

मागची सीट उचलताना जाड हातमोजे घाला आणि हात आंधळेपणाने आत खुपसू नका, हातकडी घातलेल्या माणसांनी तिथे सुया, ब्लेड सारलेले असू शकतात. मागची दारं आतून उघडत नाहीत, काचाही नाही. सासूबाईंना मागे बसवण्याआधी हँडलचा दांडा जोडून घ्या. फोर्डच्या ताफ्यातल्या गाड्यांना अनेकदा एकच चावी चालते, म्हणून कुलपं बदला.

रस्त्यावर

लाल-निळे दिवे, सायरन नाहीच, गंमत म्हणूनही नाही. स्पॉटलाइटचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते बघून घ्या. कॅलिफोर्नियात पोलिसांसारखी काळी-पांढरी रंगवलेली गाडी बाळगायलाच मनाई आहे. माझं मत विचाराल तर कुठेही राहत असा, पांढरी दारं काळी करा किंवा काळी पांढरी करा. विमा कंपनीला गाडी पोलिसांची होती हे आधीच सांगा.

चालवताना एकच त्रास, पुढचे सगळे तुम्हाला बघून एकदम ब्रेक मारतात. डाव्या लेनमध्ये तुमच्यापुढे मर्यादेच्या पाच मैल खाली चालणाऱ्यांची वरात निघते आणि ओव्हरटेक करायची कुणाची हिंमत होत नाही. उजव्या लेनमध्ये राहा, पुढच्यापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, आणि कुणी घाबरून बाजूला थांबलाच तर त्याच्या मागे थांबून समजूत घालायला जाऊ नका, सरळ पुढे निघून जा.