एका माणसावरचा पहिला माहितीपट: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या माहितीपटासाठी बहुतेकांना विषय सुचतो तो असाच: संकटातून उभा राहिलेला, एखाद्या गोष्टीनं झपाटलेला किंवा स्वतःची ओळख शोधणारा माणूस. विषय उत्तम आहे. अडचण एवढीच की जिद्द, ओळख आणि ध्यास कॅमेऱ्याला थेट दिसत नाहीत. त्याला दिसतात हात, चेहरे, फसलेले प्रयत्न आणि वाट पाहणं. मुलाखतीत "मी हार मानली नाही" असं कुणी म्हणालं, तर तुमच्या हाती एक वाक्य लागलं. प्रेक्षकाला ते पटायचं तर तो प्रयत्न डोळ्यांसमोर घडताना दिसायला हवा.

म्हणून माणूस निवडतानाच विचारा: पुढच्या सहा महिन्यांत याच्या आयुष्यात असं काय होणार आहे, ज्याचा निकाल आज कुणालाच माहीत नाही? स्पर्धा, परीक्षा, पहिला जाहीर कार्यक्रम, अर्धवट राहिलेलं वाद्य पुरं करणं, काहीही चालेल. सगळं घडून गेलेलं असेल तर हातात उरतात आठवणी आणि जुने फोटो. त्यावरही चांगला माहितीपट होतो, पण नवख्यासाठी ते फार कठीण. बास्केटबॉलपटू होऊ पाहणाऱ्या दोन मुलांवरचा 'हूप ड्रीम्स' (१९९४) हा माहितीपट मुळात अर्ध्या तासाचा करायचा बेत होता. चित्रीकरण सुमारे पाच वर्षं चाललं आणि जवळपास २५० तासांचं फुटेज जमलं. तुम्हाला पाच वर्षं द्यायची गरज नाही, पण एकाच दिवसात सगळं उरकू नका. महिन्याच्या अंतरानं चार वेळा जा आणि तीच कृती प्रत्येक वेळी टिपा. माणसातला बदल तुलनेतून दिसतो.

पहिल्या दोन भेटी कॅमेऱ्याशिवाय. दिनक्रम वेळांसकट लिहून घ्या, खिडकीतून उजेड कधी येतो ते पाहा. या भेटीत एक चूक हमखास होते: उत्साहाच्या भरात सगळी कहाणी ऐकून घेतली जाते. मग कॅमेऱ्यासमोर तोच माणूस "तुम्हाला मागे सांगितलं तसं..." अशी सुरुवात करतो आणि सांगण्यातला जीव निघून जातो. दुखऱ्या प्रसंगाबद्दल आधी फक्त एवढंच विचारा की त्यावर बोलायचं की नाही. संमतीपत्रही याच टप्प्यावर करा. काय चित्रित होणार, कुठे दाखवलं जाणार, कशाबद्दल विचारायचं नाही आणि कधीही थांबवण्याचा हक्क, हे साध्या भाषेत लिहा. चौकटीत लहान मुलं येणार असतील तर पालकांची वेगळी सही घ्या.

आता आवाज, कारण पहिले माहितीपट इथेच सर्वाधिक फसतात. किंचित हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण न कळणारा शब्द नाही. कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावा. त्याची वायर आतून गोल वळवून कपड्याला चिकटवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. सरसरणारं कृत्रिम कापड आणि गळ्यातली चेन आधीच बाजूला करायला सांगा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि बोलण्यातले चढे क्षण आवाजाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असं बघा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. हेडफोन सतत कानावर हवा. फ्रिज बंद करायचा असेल तर स्वतःची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायला विसरणार नाही. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीची शांतता ६० सेकंद रेकॉर्ड करा. संकलनात दोन वाक्यांमधली फट याच शांततेनं भरतात. ती नसेल तर प्रत्येक काप कानाला टोचतो.

कॅमेऱ्याचं सोपं आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. वीजपुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर ३० फ्रेम आणि १/६०, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर नको. प्रत्येक शॉट किमान १० सेकंद धरा. एकच कृती पाच प्रकारे घ्या: दुरून, हात, चेहरा, नजर जिथे आहे ती वस्तू, आणि पाठीमागून. आणि चूक झाली, काही तुटलं, माणूस वैतागला, तर कॅमेरा बंद करू नका. संकोचानं नवखे नेमके तेव्हाच थांबतात, आणि त्यानंतरचं अर्धं मिनिट, म्हणजे तो पुन्हा हात घालतो का आणि कसा, हाच तर तुमचा विषय असतो. नको असेल तर तो नको म्हणेल. तसं म्हणाला की मात्र लगेच थांबा.

मुलाखत या चित्रीकरणानंतर घ्या. "कसं वाटलं?" या प्रश्नाला ठरीव उत्तर येतं. "त्या दिवशी घरी परतल्यावर आधी काय केलंत?" याला आठवण येते. उत्तर संपलं तरी चार-पाच सेकंद गप्प राहा. पुष्कळदा खरं बोलणं त्या शांततेनंतर सुरू होतं. मध्ये "हं, हं" करू नका, ते आवाजातून काढता येत नाही.

सेकंदाला १०० मेगाबिटनं चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी जागा लागते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रती उघडून, चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.

संकलनाआधी सगळी बोलणी टाइमकोडसह, म्हणजे फुटेजमधल्या नेमक्या वेळेसह, कागदावर उतरवा. पहिली जुळणी संगीताशिवाय करा, कारण करुण सूर लावले की कच्चा प्रसंगही भरल्यासारखा वाटतो आणि त्यातली उणीव लपते. ओळखीच्या बाबतीत तर जास्तच जपा. कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट लोकांवरच्या १९२२ च्या 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटातल्या मुख्य माणसाचं, नॅनूकचं, खरं नाव अलाकारिअलाक होतं. त्याच्या लोकांकडे तेव्हा बंदुका होत्या, पण पडद्यावर भाल्यांनी केलेली शिकार दाखवली गेली. प्रेक्षकाला हवी तशी ओळख माणसावर चढवायचा मोह आजही तेवढाच आहे.

कच्चा कट त्या माणसाला ओळखत नसलेल्या दोघातिघांना दाखवा आणि ते कुठे कंटाळले ते विचारा. अंतिम करण्याआधी तो खुद्द त्या माणसाला, सलग, मध्ये न बोलता दाखवा. तथ्याची चूक किंवा सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर बदल करा, बाकीच्यावर चर्चा करा. पडद्यावर येणारी नावाची पट्टी त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, नाव आणि त्याखाली स्वतःची ओळख, आणि जशीच्या तशी वापरा.