लेझर हेल्मेट: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर कसं वापरायचं

लेझर हेल्मेट म्हणजे केस वाढावेत म्हणून टाळूवर लाल उजेड पाडणारं, डोक्यावर घालायचं यंत्र. टाळूवर बारीक, मऊ का होईना पण केस उरले असतील तरच पैसे काढा. माझ्या थोरल्या भावाचं टक्कल गुळगुळीत झालंय. त्यानं विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "दादा, तू पोस्टात आरडी उघड." लेझरचा लाल उजेड आक्रसत चाललेल्या मुळांना थोडी तरतरी देतो, संपलेल्यांना नाही.

आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. थायरॉइड, रक्तातलं लोह कमी असणं, चाई यांनीही केस जातात आणि त्यांचे उपचार वेगळे. डॉक्सिसायक्लिनसारखं उजेड सोसू न देणारं औषध चालू असेल तर तेही सांगा.

खोक्यावर तरंगलांबी वाचा, ६५० नॅनोमीटरच्या आसपास हवी. लेझर डायोड किती आणि साधे एलईडी किती, हेही विचारा. 'एफडीए क्लिअर्ड', म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाची परवानगी, या शिक्क्यानं हुरळून जाऊ नका. अमेरिकेत २००७ साली हेअरमॅक्सच्या लेझर कंगव्याला पुरुषांसाठी अशी परवानगी मिळाली, पण औषधाला लागतो तेवढा कडक पुरावा त्यासाठी लागत नाही. शिवाय ती त्वचेचे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवरच्या पहिल्या चार त्वचाप्रकारांपुरती होती. आपल्यातले कितीतरी सावळे लोक पाचव्यात बसतात, आणि हे दुकानदार बोलत नाही.

आता वापर. डोक्याला तेल नको, जेल नको. केस धुऊन कोरडे करा. उजेड केसांवर नाही, कातडीवर पडायला हवा, म्हणून विरळ जागी भांग पाडून मगच हेल्मेट चढवा. केस दाट-लांब असतील तर लेझर कंगवा बरा. मी दिवसाआड, मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा लावतो. तिच्या लेखी मी अंतराळवीर. पुस्तिकेत दिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नका, जादा उजेडानं जादा केस येत नाहीत. दिव्यांकडे टक लावून बघायचं नाही.

सुरुवातीला गळती वाढली तर घाबरू नका. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइड हे केसगळतीवरचं औषध चालू असेल तर लेझरच्या भरवशावर बंद करू नका. माझ्या मते लेझर जोडीदारच, मुख्य उपचार नव्हे.

आरशावर विश्वास ठेवू नका, तो रोज वेगळं सांगतो. महिन्यातून एकदा त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून, कोरड्या केसांचा फोटो काढा. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून बायकोला दाखवा. कुठला कधीचा ते सांगू नका. तिला फरक दिसला तर चालू ठेवा, कारण थांबलात की गळती पुन्हा सुरू होते. नाही दिसला, तर विकून टाका.