स्टॅटिक आयपीवर लिनक्स सर्व्हरचं ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन: या चुका टाळा

डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते आपोआप वाटणारी सेवा) असलेल्या नेटवर्कवर रॅकभर सर्व्हर एकदम उभे करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट होणं, चालू करायचं, किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) वेब सर्व्हरवर ठेवायची, की झालं. खरी कसोटी लागते ती डीएचसीपीला बंदी असलेल्या ठिकाणी, जिथे प्रत्येक यंत्राचा पत्ता आधीच ठरलेला असतो. तिथे मला वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात. बहुतेकींचं मूळ एकच असतं: समोरचं यंत्र नेमकं कोणतं, हे इन्स्टॉलरला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

जुनी फाइल कॉपी करणं आणि पिंगवर विश्वास ठेवणं

एका ठिकाणी डेटाबेस सर्व्हर रात्री फर्मवेअर अपडेटसाठी बंद केला होता. त्याच वेळी शेजारच्या रॅकमध्ये नवा सर्व्हर लावायचं काम चाललं होतं. तिथल्या मुलाने जुनी किकस्टार्ट फाइल कॉपी केली, होस्टनेम बदललं, आयपी बदलायचा राहिला. तो आयपी नेमका डेटाबेसचा. त्याने पिंग करून पाहिलं, उत्तर आलं नाही, म्हणून पत्ता मोकळा समजला. बंद पडलेलं यंत्र पिंगला उत्तर देणार कसं?

इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलं. नंतर डेटाबेस सर्व्हर चालू झाला. त्यावर सेंटओएस ७ होतं आणि जुनी नेटवर्क सर्व्हिस. ती सर्व्हिस नेटवर्क कार्डाला पत्ता देण्याआधी एआरपीने, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारून, विचारून घेते, हा पत्ता आणखी कुणाकडे आहे का. नव्या सर्व्हरने ‘माझ्याकडे आहे’ असं उत्तर दिलं आणि डेटाबेस सर्व्हर पत्त्याविनाच उभा राहिला. सकाळी बिलिंग ठप्प. लोकांनी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, नवं फर्मवेअर काढायची तयारी सुरू केली. एसएसएच करताना होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) बदलल्याची ताकीद येत होती. तीही अपडेटमुळेच येत असेल म्हणून सोडून दिली. मी पोचल्यावर कन्सोलवरून नेटवर्क सर्व्हिस पुन्हा चालू केली आणि समोर आलेली ओळ वाचली. हा पत्ता दुसरं यंत्र वापरतंय असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, कंसात त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सुद्धा होता. स्विचच्या टेबलात तो मॅक शोधला, पोर्ट सापडला, केबल काढली. पूर्ण सकाळ वाया गेली ती ती एक ओळ न वाचल्यामुळे.

म्हणून माझ्याकडे किकस्टार्ट फाइल हाताने लिहायला परवानगी नाही. एकच सीएसव्ही: सिरियल नंबर, मॅक, होस्टनेम, आयपी, नेटमास्क, गेटवे, व्हीलॅन. स्क्रिप्ट त्यातून प्रत्येक यंत्राची फाइल काढते आणि कुठलाही आयपी किंवा मॅक दोनदा आला तर तिथेच थांबते. “एकाच सर्व्हरसाठी एवढं कशाला” म्हणणाऱ्यांना मी तरीही तेच करायला लावतो. एकाच सर्व्हरच्या घाईतूनच असली प्रकरणं होतात.

नेटवर्कची माहिती नेटवर्कवरच्या फाइलमध्ये ठेवणं

ही म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखी गोष्ट. किकस्टार्ट फाइलमध्ये आयपी व्यवस्थित लिहिलेला असतो, पण ती फाइल एचटीटीपीवरून आणायलाच आधी आयपी लागतो. मग इन्स्टॉलर डीएचसीपीची वाट बघत बसतो. डेबियनच्या प्रीसीडचं, म्हणजे तिथल्या उत्तरांच्या फाइलचं, तेच. यूआरएलवरून आणलेल्या प्रीसीडमधली नेटवर्कची उत्तरं वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. ती कर्नलच्या ओळीत तरी द्यावी लागतात, नाहीतर इनिटआरडीमध्ये (बूट होताना कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटी इमेज) तरी बांधावी लागतात.

रेड हॅटच्या घराण्यात कर्नलच्या ओळीत ‘आयपी’ हा पर्याय देताना क्रम पाळा: यंत्राचा पत्ता, मग सर्व्हरची जागा, मग गेटवे, नेटमास्क, होस्टनेम, कार्डाचं नाव आणि शेवटी ‘नन’. सर्व्हरची ही दुसऱ्या क्रमांकाची जागा बहुधा रिकामी असते, म्हणजे पत्त्यानंतर लागोपाठ दोन कोलन येतात. लोक एकच देतात. मग गेटवे सर्व्हरच्या जागी जातो, नेटमास्क गेटवेच्या, आणि पुढचं सगळं सरकतं. नेमसर्व्हर वेगळा द्यायचा, तोही विसरला जातो.

मी स्वतः हा खटाटोप शक्यतो टाळतो. प्रत्येक यंत्रासाठी एक छोटी इमेज बनवतो, तिला ‘ओईएमडीआरव्ही’ असं लेबल देतो आणि आत किकस्टार्ट फाइल ठेवतो. ॲनाकोंडा, म्हणजे रेड हॅटचा इन्स्टॉलर, या लेबलची डिस्क आपणहून शोधतो. आयड्रॅक किंवा आयएलओवरून (सर्व्हर दुरून हाताळायची मॅनेजमेंट कार्डं) ती इमेज इन्स्टॉलेशनच्या आयएसओसोबत जोडली की फाइल आणण्यासाठी नेटवर्क लागतच नाही.

कार्डाचं नाव गृहीत धरणं

पहिल्या कार्डाचं नाव हमखास ‘ईटीएच शून्य’ असण्याचे दिवस गेले. एकाच मॉडेलच्या दोन सर्व्हरमध्ये कार्ड वेगळ्या स्लॉटमध्ये असलं तरी नाव बदलतं. किकस्टार्टमध्ये कार्डाच्या जागी मॅक पत्ता चालतो, तोच द्या. आणि तो खोक्यावरच्या स्टिकरवरून उतरवू नका, मॅनेजमेंट कार्डाच्या स्क्रीनवरून घ्या. बऱ्याचदा स्टिकरवर मॅनेजमेंट पोर्टचाच मॅक असतो.

सगळ्या डिस्क पुसण्याची आज्ञा

किकस्टार्टमधल्या ‘क्लिअरपार्ट’ या पार्टिशन पुसण्याच्या आज्ञेला ‘ऑल’ लावून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. सॅनवरची (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवरची) डिस्क त्या वेळी दिसत असेल तर तीही पुसली जाते. ‘इग्नोरडिस्क’मध्ये ‘ओन्ली-यूज’ लावून वापरायची फक्त एकच डिस्क, तीही बाय-आयडी नावाने, म्हणजे तिच्या स्वतःच्या कायमच्या ओळखीने द्या. माझ्याकडे इन्स्टॉलेशन संपेपर्यंत सॅनचं झोनिंग, म्हणजे सर्व्हरला सॅन दिसू देणं, होत नाही. उबुंटूचा ऑटोइन्स्टॉल, कर्नलच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल, तर डिस्क पुसण्याआधी एकदा विचारतो. पहिल्या दोन-तीन यंत्रांपुरता तो प्रश्न येऊ द्या.

बाकीच्या थोडक्यात:

- स्विचच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) नसेल तर जुना स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमधले फेरे टाळणारा प्रोटोकॉल, तीसेक सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही, आणि तोवर इन्स्टॉलर हार मानतो. आधी नेटवर्कवाल्यांशी बोला, मग टाइमआउट वाढवा.
- पोर्ट एलएसीपीमध्ये (अनेक पोर्ट मिळून एक जोडणी) बांधलेले असतील तर एकट्या कार्डावरून बूट होईलच असं नाही. हेही त्यांनाच विचारा.
- ग्रब या बूटलोडरमध्ये सेमीकोलन म्हणजे आज्ञा संपली. उबुंटूच्या नोक्लाउडचा, म्हणजे ऑटोइन्स्टॉलची फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या पर्यायाचा, पत्ता अवतरणात ठेवा.
- बूट क्रमात पीएक्सई कायम पहिलं ठेवलंत तर रीबूटनंतर सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल व्हायला लागू शकतो.
- रूटचा पासवर्ड उघडा लिहू नका. ती फाइल वेब सर्व्हरवर कुणालाही वाचता येते.

अडकलात तर लगेच रीबूट करू नका. ॲनाकोंडाच्या स्क्रीनवर कंट्रोल-बी दाबून मग दोन दाबा, शेल मिळतो. तिथे आधी कार्डाला पत्ता मिळालाय का बघा, मग गेटवेला पिंग करा, मग टेम्प फोल्डरमधले लॉग वाचा. इन्स्टॉलरने प्रत्यक्षात कोणती किकस्टार्ट फाइल घेतली, तेही रन फोल्डरातल्या इन्स्टॉल फोल्डरात उघडून बघा. अनेकदा ती शेजारच्या यंत्राची निघते.