तापमापीवरील आकडा वाचताना आणि बदलताना

तापमापी हातात घेतल्यावर तिच्यावर कोणती मापनश्रेणी कोरली आहे आणि लगतच्या दोन रेघांमध्ये किती अंशांचे अंतर आहे, हे आधी पाहून घ्यावे. मग तिचा फुगा द्रवात पूर्ण बुडवून पातळी स्थिर होईपर्यंत थांबावे आणि डोळा त्या पातळीच्या अगदी समोर आणून आकडा वाचावा. पाऱ्याचा पृष्ठभाग नळीत मधोमध फुगीर असतो, म्हणून त्याचा माथा वाचतात. अल्कोहोलचा पृष्ठभाग खोलगट असतो, म्हणून त्याचा तळ.

सेल्सिअस श्रेणीत, प्रमाण वातावरणीय दाबाला, पाणी ० अंशाला गोठते आणि १०० अंशाला उकळते. (खुद्द अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये हे आकडे नेमके उलटे मांडले होते.) फॅरनहाइट श्रेणीत हेच बिंदू ३२ आणि २१२ वर येतात, म्हणजे त्यांच्यामधील अंतराचे १०० ऐवजी १८० भाग होतात. केल्व्हिनसाठी सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवले की पुरे. मात्र केल्व्हिनसोबत ‘अंश’ लिहीत नाहीत.

सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्यासाठी ९/५ ने गुणून ३२ मिळवावे, हे सूत्र बहुतेकांना पाठ असते. पण तोंडी हिशेबाला दुसरी रीत सोयीची आहे. आकडा दुप्पट करावा, आलेल्या संख्येतून तिचाच दहावा भाग वजा करावा आणि मग ३२ मिळवावे. २५ चे ५०, त्यातून ५ गेले की ४५, आणि ३२ मिळवून ७७. हे उत्तर अंदाजे नसून अचूक असते. उलट जाताना आधी ३२ वजा करावे, उरलेल्याचे अर्धे करावे आणि त्या अर्ध्यात त्याचाच नववा भाग मिळवावा: १०४ चे ७२, मग ३६, आणि ४ मिळवून ४०. रीत बरोबर वापरली जाते आहे का, हे पाहायचे असेल तर ऋण ४० घेऊन पाहावे, कारण तेथे दोन्ही श्रेणींचे आकडे एकच असतात.

खरी गफलत होते ती तापमानातील फरक बदलताना. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर ती वाढ १८ अंश फॅरनहाइट असते, ५० नव्हे. फरकात ३२ कधीच मिळवायचे नसतात, आणि केल्व्हिनमध्ये तीच वाढ १० च राहते.

तापमापीची खात्री करण्यासाठी बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे स्वच्छ पाणी यांच्या मिश्रणात तिचा फुगा भांड्याला न टेकवता ठेवावा. काही मिनिटांनी आकडा ० किंवा ३२ वर यायला हवा. उकळत्या पाण्याची कसोटी त्या मानाने कमी भरवशाची, कारण समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरतो. ताप पाहण्याच्या तापमापीवर यांपैकी कोणतीही कसोटी करू नये: तिची श्रेणी साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस इतकीच असते आणि उकळत्या पाण्यात ती फुटेल. बर्फात आकडा अर्धा अंश जास्त आला, तर गोठणबिंदूच्या आसपासच्या वाचनांतून तेवढा वजा करावा, आणि तोही श्रेणी बदलण्यापूर्वी, कारण सेल्सिअसमधील अर्धा अंश फॅरनहाइटमध्ये ०.९ होतो.