वेंधळा भूतपकड्या: गराजमधलं आठ मिनिटांचं हॅलोविन नाटुकलं

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कँडीची पिशवी हातात आलेली मुलं फार वेळ बसत नाहीत. आठ मिनिटांत आटपा. पात्रं तीन पुरतात: भूत पकडायला निघालेला वेंधळा मामा, त्याच्याहून शहाणी भाची आणि भूत.

सगळी गंमत एकाच गोष्टीत आहे. भूत आधी प्रेक्षकांना दिसायला हवं, मामाला नंतर. मामा स्वतःच्या सावलीला दम देतोय, भूत पाठीमागे उभं. इथे दोन सेकंद काहीही करू नका. हौशी नट नेमके इथेच घाई करतात आणि मुलांना “मामा, मागे!” ओरडायला वेळच मिळत नाही. तो वळेपर्यंत भूत दुसऱ्या बाजूला. हे तीनदाच. तिसऱ्यांदा भुताचाच पाय रिकाम्या बादलीत अडकवा.

मामाने मुळीच हसायचं नाही. तो कामाला लागलेला सरकारी अधिकारी वाटला पाहिजे. त्याची बॅटरी तीन थापा मारल्याशिवाय लागत नाही, हे पहिल्याच मिनिटात दाखवा (बटण अंगठ्याखाली लपवायचं). शेवटी अंधाराला घाबरून भूतच रडायला लागतं, तेव्हा तिसरी थाप कामाला येते.

पडायचं ते टप्प्याटप्प्याने: गुडघे वाकवून खाली, मग मांडीच्या बाजूवर, मग पाठीवर. हात मागे टेकवला की मनगट गेलं. काँक्रीटवर जिमची जाड मॅट हवीच. ‘धाड्’ आवाजासाठी परातीवर लाटणं मारा; वाजवणाऱ्याला मामा दिसेल अशा जागी बसवा, नाहीतर आवाज उशिरा येतो आणि हशा हुकतो.

चादरीला नुसती डोळ्यांची भोकं पाडली तर ती सरकते आणि भूत आंधळं होतं. जुन्या टोपीचं झापड कापा, टोपी आत घाला आणि चादर तिला सेफ्टी पिनांनी टाचा. खालची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. मेणबत्त्या एलईडीच्याच. रक्त नकोच, भुताच्या तोंडापाशी चॉकलेट सिरप फासलं की कँडीचोर कोण ते लगेच कळतं.

धुरासाठी वेगळ्या बादलीत ४ लिटर गरम पाणी आणि अर्धा किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). ते उणे ७८ अंशांचं असतं, त्यामुळे जाड हातमोजे घाला. उघड्या हाताला लगेच इजा होते. पाणी गार झालं की धूर मंदावतो, तेव्हा गरम पाण्याची भर घाला. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणजे खाली बसलेल्या मुलांच्याच नाकाशी साचणारा. गराजचं दार पूर्ण उघडं ठेवा, बादली मुलांपासून लांब. ड्राय आइस झाकणबंद डब्यात किंवा बाटलीत कधीच नाही, फुटते.

लखलखणारे स्ट्रोब दिवे टाळा, काहींना त्याने फीट येऊ शकते. प्रेक्षकांत तीन-चार वर्षांची मुलं असतील तर भुताने चादर त्यांच्यासमोरच पांघरावी.