टोकियोत चांगल्या याकिनिकूला जायचं असेल तर

याकिनिकू म्हणजे टेबलावरच्या जाळीवर आपणच मांस भाजून खायचं. आधी टेबल बुक करा, शुक्रवार-शनिवारी ऐनवेळी जाऊन जागा मिळणं अवघड. बीफ खात नसाल तर बुकिंग करतानाच सांगा, चिकन, पोर्क, भाज्या बऱ्याच ठिकाणी असतात पण जाळी तीच असते हे लक्षात ठेवा, वेगळी जाळी मिळेल का ते विचारून घ्या.

मेनूवर ए५ (जपानी बीफचा दर्जा) दिसलं की लगेच भरपूर मागवू नका. त्यातलं ए म्हणजे जनावरामागे मांस किती निघतं आणि ५ म्हणजे क्वालिटी, ती सगळ्यात वरची. चरबी इतकी असते की चार-पाच तुकड्यांत पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून थोडं थोडंच मागवा.

सुरुवात तान-शिओने करा, म्हणजे मीठ लावलेली जीभ, वर लिंबू. गोडसर तारे सॉसमधलं कारुबी (बरगडीजवळचं मांस) वगैरे नंतर, कारण सॉस जाळीला चिकटून करपतो आणि मग पुढचं सगळंच कडू लागतं. जाळी काळी झाली की "आमी कोकान" म्हणा, बदलून देतात.

कच्चं मांस चिमट्यानेच उचला, खायच्या चॉपस्टिक्सने अजिबात नाही, हे खरंच महत्त्वाचं आहे. जाळीवर एका वेळी दोन-तीनच तुकडे ठेवा आणि बघत राहा, बीफचा पातळ काप असेल तर कडा आक्रसून वर चरबीचे थेंब चमकायला लागले की लगेच उलटा, दुसरी बाजू काही सेकंदच, आणि गरम भातावर टेकवून खा, तो भात तर काय लागतो!

टिप ठेवायची नाही, पण सर्व्हिस चार्ज बिलात असू शकतो.